मामाचा दारात न मावणारा जिराफ

माझा मामा प्राणिसंग्रहालयाच्या फाटकाबाहेर काचेचे प्राणी करून विकायचा. मोठ्या छत्रीखाली एक टेबल, टेबलावर बर्नर, बर्नरची निळी ज्योत आणि मामाच्या हातात काचेची कांडी. कांडी ज्योतीत गोल गोल फिरवायची, मऊ झाली की चिमट्यानं ओढायची, की बघता बघता ससा. काम करताना मामाचा चेहराही त्या त्या प्राण्यासारखा व्हायचा. ससा करताना नाक हलायचं. पाणघोडा करत असला की त्याच्यासमोर उभं राहवत नसे.

आत खरे प्राणी बघून बाहेर पडलेली मुलं त्याच्यासमोर थांबायची आणि आईबापांचे हात ओढायची. हत्ती, बदक, मांजर, मामा काहीही करून द्यायचा. पण सगळ्यांना हवा असायचा जिराफ, आणि मामाच्या जिराफाची मान बसस्टॉपपर्यंतसुद्धा टिकत नसे.

मी सख्खी भाची आहे, आकसानं सांगत नाही. हे सगळ्या गावाला माहीत होतं. मूल एका मुठीत धड आणि दुसऱ्या मुठीत डोकं घेऊन रडत परत यायचं. मामा मान जोडून द्यायचा, वर त्याचे डोळे पुसायचा. मग थोड्या वेळानं तेच मूल पुन्हा हजर. त्यामुळे फाटकावरचे चौकीदार, बसचे कंडक्टर, शेजारचा फुगेवाला, सगळे मामाला ‘मानमोडे’ म्हणायचे. नव्यानं आलेल्या पोस्टमनला ते आडनावच वाटलं आणि त्यानं घराबाहेरच्या पत्रपेटीवर खडूनं तसं लिहूनही टाकलं. मामीनं ते पुसलं नाही. म्हणाली, “खोटं काय आहे त्यात?”

एका सुट्टीच्या दिवशी एक बाई आपल्या मुलाला घेऊन आल्या. मुलानं जिराफ घेतला, मोडला, जोडून घेतला, पुन्हा मोडला. तिसऱ्या खेपेला बाईंनी मुलाला फुगेवाल्याकडे पाठवलं आणि स्वतः टेबलाशी वाकून मामाचे हात बघत उभ्या राहिल्या. त्या विद्यापीठातल्या काचकला विभागाच्या प्रमुख निघाल्या.

“काका, आमच्या विद्यापीठात रेसिडेन्सी असते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही याल का?”

आता आमच्या गावात स्टेशनासमोर ‘रेसिडेन्सी’ नावाचा एक लॉज होता, आणि त्याच्याबद्दल कुणी बरं बोललेलं ऐकिवात नव्हतं. मामा कानापर्यंत लाल झाला. बर्नर बारीक करत म्हणाला, “मॅडम, मी संसारी माणूस आहे.”

मॅडमना वाटलं, घर सोडून राहायला जमणार नाही असं तो म्हणतोय. त्या म्हणाल्या, “मग वहिनींना पण घेऊन या.” मामानं त्या दिवशी छत्री लवकर मिटली.

घरी येऊन त्यानं हे सगळं मामीला घाबरत घाबरत सांगितलं. मामीनं मला बोलावून घेतलं, कारण मी त्याच विद्यापीठात परीक्षा विभागात कारकून आहे. तिथे कुठले धंदे चालतात ते मला माहीत असणार असा तिचा कयास. मी दोघांना नीट समजावलं. म्हटलं, विद्यापीठ दर सत्रात काचेचं काम करणाऱ्या दोघांना बोलावतं. राहायला खोली देतं, कामाला जागा देतं, भट्ट्या, काच, सगळं देतं. तिथे राहून आपल्या मनासारखं काहीतरी करायचं आणि विद्यार्थ्यांना बघू द्यायचं. त्याला निवासी कलाकार म्हणतात.

“निवासी म्हणजे तिथेच राहायचं?” मामीनं विचारलं.

“हो.”

“झोपायचंही तिथेच?”

“हो.”

“आणि जेवण?”

“तेही तिथेच.”

मामी उठून माळ्यावरची बॅग काढायला गेली.

मामाला काळजी पडली ती टेबलाची. मुलं येणार, त्यांना रिकामी जागा दिसणार. मामी आतूनच ओरडून म्हणाली, “मी बसते. इतकी वर्षं बघतेय तुम्हाला. कांडी वितळवायची आणि तोंड वाकडं करायचं, एवढंच तर आहे.”

अशा रीतीनं मामा कलाकार झाला.

त्याला अतिथीगृहात एक खोली मिळाली. पलंग, टेबल, अर्ध्या कड्या गळालेला पडदा आणि भिंतीवर पाटी: ‘खोलीत आग पेटवू नये.’ ती पाटी आपल्यालाच उद्देशून लावली आहे असं मामाला वाटलं, आणि झोपण्यापूर्वी तो पलंगाखाली वाकून बर्नर चुकून बरोबर आला नाही ना, हे बघायचा.

कामाची जागा म्हणजे विद्यापीठाचं जुनं धुलाईघर. पूर्वी सगळ्या वसतिगृहांच्या चादरी तिथे उकळून, वर दोऱ्यांवर टांगून वाळवत. म्हणून छत देवळासारखं उंच. पुढे धुलाईची यंत्रं दुसरीकडे बसली आणि ही इमारत काचकला विभागाच्या वाट्याला आली. आता तिथे एका बाजूला काच वितळवायची भट्टी होती, एका बाजूला काच सावकाश थंड करायची मोठी पेटी, आणि मधोमध कापडी पडदा. पडद्याच्या अलीकडे मामा. पलीकडे दुसरी निवासी कलाकार.

ती तिशीच्या आतबाहेरची, बारीक अंगाची, गोड बोलणारी मुलगी होती. नळीनं काच फुंकून ती अशी भांडी करायची की मामा पडद्याच्या फटीतून बघतच राहायचा. सुरया, चंबू, पातळ ओठांचे पेले. भांडं थंड झालं की ती ते उन्हात धरायची, त्याच्याकडे मायेनं बघायची, भोवती मायक्रोफोन मांडायची, कानांवर मोठे हेडफोन चढवायची आणि भांडं जमिनीवर सोडून द्यायची.

हीच तिची कला होती. ती काच फुटल्याचे आवाज जमवत होती.

“प्रत्येक भांडं आयुष्यात एकदाच बोलतं, काका,” तिनं मामाला सांगितलं.

“हो, पण त्यासाठी त्याला मारायचं?” मामा म्हणाला.

मामाचं सगळं आयुष्य त्या एका आवाजाला भिण्यात गेलेलं. झोपेत पेला फुटला तरी तो उठून ‘आण इकडे, जोडून देतो’ म्हणायचा. पण मुलगी संस्कारी होती. दर वेळी पडद्यातून डोकं बाहेर काढून विचारायची, “काका, फोडू का?” मामा बर्नर बंद करायचा, भिंतीकडे तोंड करायचा, कानांत बोटं घालायचा आणि म्हणायचा, “फोड बाई.” मग खळ्ळ. मामानं तिचं नाव खळ्ळताई ठेवलं आणि तिला ते इतकं आवडलं की तिनं ते आपल्या कपाटावर लिहून घेतलं.

पहिल्याच आठवड्यात एक घोटाळा झाला. खळ्ळताई सकाळी आली तर आदल्या दिवशी फोडलेली सुरई तिच्या टेबलावर उभी. अंगभर गोंदाच्या रेघा, पण उभी.

“काका, ही मी फोडली होती,” ती म्हणाली.

“हो. मी जोडली.”

“का?”

मामानं बराच विचार केला. “सवय,” म्हणाला.

मला वाटलं, आता भांडण होणार. मी परीक्षा विभागातून मधल्या सुट्टीत मामाकडे डोकवायचे, तशी तेव्हाही तिथेच होते. पण खळ्ळताईनं ती जोडलेली सुरई हातात फिरवली, हेडफोन चढवले, विचारलं, “फोडू का?” आणि पुन्हा सोडली. या वेळी ती खळ्ळ वाजली नाही. म्हातारं माणूस खाकरून खोकतं तसा आवाज आला. खळ्ळताईला तो इतका पसंत पडला की ती तीन-चारदा ऐकून हसत सुटली.

“काका, अजून एकदा जोडाल?”

तेव्हापासून दोघांचं जमलं. ती करायची आणि फोडायची, मामा जोडायचा, ती पुन्हा फोडायची. मामाला आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतोय असं वाटू लागलं. त्याचं स्वतःचं काम मात्र काहीच होत नव्हतं. टेबलावर तेच ससे आणि तीच बदकं रांगेनं उभी राहत होती.

एक दिवस मॅडम ते बघून गेल्या. “काका, हे सुंदरच आहे. पण इथे तुम्हाला मोकळी जागा आहे. फाटकाबाहेर जे करता आलं नाही ते करा. मोठं काहीतरी करा.”

“किती मोठं?” मामानं विचारलं.

मॅडमचा तेवढ्यात फोन वाजला. फोन कानाला लावता लावता त्यांनी दुसरा हात छताकडे केला. “इतकं,” म्हणाल्या आणि बोलत बाहेर गेल्या.

त्यांना म्हणायचं होतं, मन मोठं करा, स्वप्न मोठं बघा, असलं काहीतरी. मामानं ते मापच समजलं. शिडी लावून वर चढला आणि छतापर्यंतची उंची दोरीनं मोजून आला.

“जिराफ करणार,” त्या दिवशी तो मला म्हणाला. “खऱ्याएवढा. आणि मान मोडणार नाही असा.”

मी म्हटलं, “मामा, आधी लहान असा एखादा जमू दे की.”

“लहानाची मान मोडते ती लहान असल्यामुळे,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात काही अर्थ आहे की नाही हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

पण खरा जिराफ बघायला हवा होता, आणि इथे एक गंमत उघडकीला आली. फाटकाबाहेर अर्धं आयुष्य काढलेल्या माझ्या मामानं फाटकाच्या आत कधी पाऊल ठेवलं नव्हतं. “काम टाकून कसं जाणार?” म्हणाला. इतकी वर्षं तो मुलांच्या वर्णनावरून प्राणी करत होता. मुलं जिराफाची मान सांगताना हात सरळ वर करत, म्हणून मामाच्या जिराफाचीही मान सरळ वर.

आम्ही तिकीट काढून गेलो. फाटकावर मामी टेबलाशी बसली होती. डोळ्यांवर मामाचा काळा चष्मा, तोंडात जिभेचं टोक. तिनं आमच्याकडे बघितलं आणि न ओळखल्यासारखं केलं. समोर मुलांची ही रांग.

“काय करतेस गं?” मामानं वाकून विचारलं.

“कासव,” मामी म्हणाली. “मला तेवढंच येतं.”

टेबलावर गोल, गुळगुळीत, काचेच्या पेढ्यांसारखी कासवं मांडली होती. त्यांना डोकं नव्हतं.

“याची मान कुठे आहे?” एका मुलीनं तेच विचारलं.

“आत,” मामी म्हणाली. “झोपलंय ते. हलवू नकोस.”

मुलगी कासव दोन्ही हातांत धरून पाय न वाजवता निघून गेली. मामा तिच्याकडे बसस्टॉपपर्यंत बघत राहिला. काहीही मोडलं नाही. मग खाली मान घालून तो आत आला.

जिराफाच्या कुंपणाशी मामा दिवसभर उभा राहिला. जिराफही त्याच्याकडे बघत उभा. मामाचा चेहरा हळूहळू लांबट होत गेला, पापण्या जड झाल्या, खालचा जबडा आडवा फिरू लागला. जवळून जाणारी एक बाई आपल्या मुलाला दुसऱ्या बाजूनं घेऊन गेली. दुपारनंतर जिराफानं मान खाली आणली, मामाची टोपी उचलली आणि शांतपणे खाल्ली.

मामाला त्याचं काही नव्हतं. मान खाली आली तेव्हा त्याला जे बघायचं होतं ते दिसलं होतं. “अगं, ती काठी नाहीये,” तो परतताना सांगत होता. “घसरगुंडी आहे. खाली रुंद, खांद्यापासून सुरू होते. मी आपला धडावर खांब रोवत होतो.”

मग काम सुरू झालं. प्रयोगशाळेत वापरतात तसल्या टणक काचेच्या कांड्या घ्यायच्या आणि हातात धरायच्या बर्नरनं एकीला एक जोडत जायचं. जिराफाच्या अंगावर ठिपक्यांच्या मधून ज्या फिकट रेघा असतात ना, त्या रेघांची जाळीच मामानं विणली. ठिपक्यांच्या जागी नुसती हवा. आधी चार पाय उभे राहिले, मग पोट, मग छाती. मामा आधी स्टुलावर, मग टेबलावर, मग शिडीवर गेला. विद्यार्थी येऊन खाली पाठीवर पडून बघायचे. दुपारचं ऊन आलं की सगळ्या धुलाईघरभर जिराफाची जाळी पसरायची आणि त्यात उभी असलेली माणसंही ठिपकेदार दिसायची.

अडचण झाली खळ्ळताईची. तिनं पडद्यापलीकडे काही फोडलं की इकडे जिराफाच्या अंगातून बारीक ‘झिंऽऽ’ असा सूर निघायचा. मामाचा जीव कासावीस व्हायचा. पण तिला नाही कसं म्हणायचं? ती बिचारी विचारून फोडत होती.

एके दिवशी मी गेले तर जिराफाचे कान तयार झाले होते आणि मामानं त्यांत कापसाचे बोळे घातले होते.

“हे काय?”

“लहान आहे अजून,” मामा खालच्या आवाजात म्हणाला. “सवय नाही त्याला.”

तो चेष्टा करत नव्हता. तेवढ्यात पडद्यातून नेहमीसारखं डोकं बाहेर आलं. “काका, फोडू...” खळ्ळताईची नजर वर गेली. कापूस बघून ती थांबली. हातातला चंबू तिनं छातीशी धरला, मायक्रोफोन काखोटीला मारले आणि मागच्या अंगणात गेली. त्यानंतर तिनं आत एकदाही काही फोडलं नाही. उलट अंगणातल्या फरशीचा आवाज अधिक चांगला आहे असं सांगायची. मला ते खरं वाटत नाही.

मान चढायला सर्वांत जास्त दिवस लागले. पूर्ण झाली त्या दिवशी मामा शिडीवरून उतरला, लांब जाऊन उभा राहिला, आणि खूप वेळ स्वतःचीच मान चोळत राहिला. जिराफ उभा होता. डोकं छतातल्या, चादरींच्या दोऱ्या बांधायच्या खुंट्यांना लागायला थोडंच कमी. चेहरा मात्र जरासा मामासारखा झाला होता, त्याला इलाज नव्हता.

कौतुकाला सगळे जमले. मॅडमचे डोळे भरून आले. विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मामीला बोलावून घेतलं होतं. ती डब्यात कासवं भरून घेऊन आली होती, मॅडमना भेट म्हणून. तिनं जिराफाभोवती एक फेरी मारली, वर बघितलं, खाली बघितलं, मग मागे वळून दाराकडे बघितलं.

“छान झालाय,” ती म्हणाली. “बाहेर कसा काढणार?”

आम्ही सगळ्यांनी दाराकडे बघितलं. ते एक साधं, एका माणसाचं दार होतं. टाळ्या वाजवणारी मुलं हात मागे बांधून उभी राहिली.

“मोठ्या चादरी कशा नेत असतील यातून?” मॅडम क्षीणपणे म्हणाल्या.

“घडी घालून,” मामी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बांधकाम विभागाचे इंजिनिअर आले. त्यांनी दार मोजलं, जिराफ मोजला आणि पुन्हा दार मोजलं. मधल्या वेळात ते वाढलं असेल अशी त्यांना आशा असावी.

“आडवा करून नेता येईल?” त्यांनी विचारलं.

“जिराफ आडवा होत नाही,” मामा म्हणाला.

“झोपताना?”

“बहुतेक उभ्यानंच झोपतो.”

“मग मान तेवढी काढून, बाहेर नेऊन पुन्हा...”

मामानं त्यांच्याकडे असं बघितलं की इंजिनिअरनी टेप गुंडाळून खिशात घातली. भिंत पाडायची म्हटलं तर तिच्यावर सगळं छत उभं. छत काढायचं म्हटलं तर परवानग्यांतच जिराफ म्हातारा व्हायचा. सगळे विचारात पडले. तेवढ्यात मागून आवाज आला, “फोडू का?” खळ्ळताईला म्हणायचं होतं भिंतीबद्दल, की सवयीनं निघून गेलं, कोण जाणे. सगळ्यांनी एकदम वळून बघितल्यावर ती बाहेर निघून गेली.

शेवटी मॅडमनी ठरवलं, जिराफ इथेच राहील आणि उद्‌घाटनही इथेच होईल. नंतर खळ्ळताईनं मला हळूच विचारलं, “तो मुद्दाम मोठा केला नव्हता? मला वाटलं, तोच अर्थ आहे.” गंमत म्हणजे मॅडमनीही प्रदर्शनाच्या पुस्तिकेत तसंच लिहून टाकलं: ‘अवकाशाच्या मर्यादांशी कलाकाराचा संवाद.’ मामानं मला त्याचा अर्थ विचारला.

“म्हणजे दार लहान आहे,” मी सांगितलं.

“खरंय,” मामा म्हणाला. “कुणी लिहिलंय? हुशार आहे.”

उद्‌घाटनाला कुलगुरू आले. उंच, आडव्या बांध्याचे, हसरे गृहस्थ. फीत बांधायची जबाबदारी कार्यालयातल्या एका उत्साही माणसावर होती. त्यानं फितीचं एक टोक बांधलं पाण्याच्या नळाला आणि दुसरं, शिडीवर चढून, सरळ जिराफाच्या मानेला. मामानं ते बघितलं तेव्हा कुलगुरूंच्या हातात कात्री आली होती.

मामा पळत शिडी चढला आणि त्यानं दोन्ही हातांनी जिराफाच्या मानेला मिठी मारली. पाहुण्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. कुलगुरूंनी फीत ओढून ताणली, कात्री चालवली. फीत तुटून लोंबली. मान जागच्या जागी. टाळ्या झाल्या. मामाचा गाल काचेला चिकटलेला तसाच होता.

कुलगुरू खूश झाले. जिराफाभोवती हिंडले, मग पुढून नीट दिसेना म्हणून मागून बघायला गेले, आणि सगळा दिसावा म्हणून मान वर करून एक पाऊल मागे, मग थोडं पुढे, मग वळले.

टिक्.

अगदी बारीक आवाज. गर्दीत तो फक्त खळ्ळताईनं ऐकला. तिचा चेहरा उजळला. मामानं शिडीवरून मान बघितली, कान बघितले, पाय बघितले, आणि मग मागे बघितलं. शेपूट नव्हतं. शेपूट कुलगुरूंच्या हातात होतं.

कुलगुरूंनी वर बघितलं. मामानं खाली बघितलं. मग कुलगुरूंनी ते शेपूट अलगद कोटाच्या खिशात सरकवलं आणि भाषणाला उभे राहिले. एक हात खिशात ठेवून ते काचेच्या इतिहासावर बोलले, शिक्षणाच्या भवितव्यावर बोलले, आपल्या बालपणावर बोलले. थांबलो तर काय होईल हे त्यांना समजत नसावं. मधूनमधून ते मामाकडे बघायचे. मामा मात्र शिडीवर बसून पाणावलेल्या डोळ्यांनी हसत होता. मी पायरीशी गेले तसा तो वाकून कुजबुजला, “अगं, मान शाबूत आहे.”

वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी आलं की जिराफाला शेपूट नसणं फार बोलकं आहे.

त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत, सगळे बाहेर गेल्यावर, कुलगुरू एकटेच आले. मामा आणि मी डबा खात होतो. त्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि टेबलावर ठेवली.

“काका, हे माझ्याकडून झालं.”

“बसा,” मामा म्हणाला. “जोडून देतो.”

कुलगुरू स्टुलावर बसले. मामानं बर्नर पेटवला. शेपूट जागेवर बसेपर्यंत त्यांनी डोळ्याचं पातं लववलं नाही. काम झालं तरी उठेनात. टेबलावरच्या रांगेकडे बघत म्हणाले, “बदक करायला वेळ लागतो का हो?” मामानं त्यांच्यासमोर बदक करून दिलं. ते त्यांनी त्याच खिशात ठेवलं.

“बसताना जपा,” मामानं सांगितलं.

सत्र संपलं आणि मामा बॅग घेऊन घरी आला. खळ्ळताई परदेशी गेली. जाताना तिनं मामाला आपण कधीच न फोडलेली एक सुरई दिली. मामीनं तिच्यात लाकडी चमचे उभे केलेत. जिराफ धुलाईघरातच आहे. नवे निवासी कलाकार आल्यावर पहिले काही दिवस त्याला वळसा घालून चालतात, मग त्याच्या पायांतून ये-जा करू लागतात.

मामाचे लहान जिराफही सुधारले. आता मान रुंद, खांद्यापासून चढत जाणारी. मोडत नाही. पण मामा थोडे दिवस उदास दिसला. मी विचारलं तर म्हणाला, “मुलं परत येत नाहीत गं. घेतात आणि जातात. पूर्वी येऊन बसायची, बोलायची.” मामीनं एक दिवस ऐकून घेतलं, दोन दिवस ऐकून घेतलं. मग म्हणाली, “शेपटी जरा बारीक करा.” मामानं केली. टेबलाभोवती पुन्हा गर्दी असते.

यंदा विद्यापीठाचं बोलावणं मामीला आलंय. मॅडमना डब्यातली कासवं विसरता आली नव्हती. मामीनं एकच अट घातली, जागा दाराजवळ हवी. सकाळी दहाला ती ज्योतीसमोर बसते. मला मधल्या सुट्टीत डोकवावंच लागतं, कारण तिचं तोंड आता विद्यार्थ्यांना सूचना देण्यात गुंतलेलं असतं आणि एखादा रडवेला झाला की मला समजूत काढावी लागते.

दर सोमवारी प्राणिसंग्रहालय बंद असतं, तेव्हा मामा तिला भेटायला येतो. स्वतः केलेले उकडलेले बटाटे आणतो, दर वेळी मीठ विसरतो. मागच्या सोमवारी मधल्या सुट्टीत मी तिथेच होते. मामी काचेचा गोळा फिरवत होती, मामा तिच्या खांद्यावरून बघत होता.

“जरा ज्योतीच्या बाहेर धर,” तो म्हणाला. “फार तापतंय.”

“तुम्ही निवासी आहात का?” मामीनं मागे न बघता विचारलं.

“नाही.”

“मग पाहुण्यांनी तिकडे बसायचं.”

मामा तिकडे जाऊन बसला, डबा उघडला आणि मला विचारलं, “मीठ आहे का गं तुमच्या विभागात?”